नाकतोड्याचा घोडा

असोद्याच्या चावडीसमोर सिनेमाच्या जाहिरातीची बैलगाडी येऊन थांबली, तेव्हा लता चुलीपुढे भाकरी थापत होती. गाडीतला माणूस तोंडाला कर्णा लावून ओरडत होता, ढोलवाला ढोल बडवत होता, आणि त्या गोंगाटात लताला दोनच शब्द नीट ऐकू आले. एक ‘तुरी’ आणि दुसरा ‘जागरासुर’. हातावरची भाकरी तशीच परातीत आपटून ती उठली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, खांद्यावरचा कमरेला गेला, आणि बेबाबाईची सून पिठाच्या हातांनी भर गल्लीतून धावत सुटली.

मागोमाग बेबाबाई निघाली. म्हणजे तिची सासू. लोकांना वाटलं, आता सुनेला वेणी धरून घरी आणणार. पण बेबाबाई धावता धावता ओरडत होती, “लते, थांब वो! मले बी इचारायचं हाये! आपलाच जागरासुर हाये का तो?”

आपलाच होता. गाडीवाल्याने गुलाबी कागद वाटले, त्यावर ठसठशीत छापलं होतं: ‘निद्राहरण. बालगोपाळांच्या लाडक्या कादंबरीवरून. नृत्य, गायन, चमत्कार.’ लताने तो कागद छातीशी धरला, त्याला पीठ लागलं, आणि तिने चावडीसमोर, बसलेल्या म्हाताऱ्यांच्या देखत, दोन्ही पायांनी उडी मारली.

ही कादंबरी म्हणजे लताच्या ट्रंकेतली एकुलती एक चैन होती. धुळ्याच्या मुलींच्या शाळेत कुंदाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. लता सातवीत वाचनात पहिली आली तेव्हा त्यांनी ती बक्षीस दिली होती. नाव ‘तुरी आणि टणटण्या’. एका राज्यातल्या सगळ्यांची झोप चोरीला जाते. राजा सिंहासनावर तारवटलेला, कोंबडे भलत्याच वेळी आरवताहेत, न्हावी अर्धीच दाढी करून रडतोय. ही झोप चोरलेली असते जागरासुर नावाच्या राक्षसाने. त्याने ती एका रांजणात भरून ठेवलीय, कारण त्याला स्वतःला झोप येत नाही आणि दुसऱ्याची घोरणी त्याला सहन होत नाहीत. मग तुरी नावाची दहा वर्षांची, कुणालाच न भिणारी पोर ओच्यात गुळाचा खडा घेऊन, बैलाएवढ्या मोठ्या नाकतोड्यावर बसून, सात डोंगर ओलांडून त्या राक्षसाकडे जाते. त्या नाकतोड्याचं नाव टणटण्या. तो फार चहाटळ आणि जरा भित्रा. उडी मारण्याआधी दर वेळी म्हणतो, “तुरे, डोळे मीट, कारण मी मिटणार आहे!”

लग्न होऊन लता असोद्याला आली तेव्हा पहिले चार-सहा महिने बेबाबाईला ते पुस्तक डोळ्यांसमोर नको होतं. सून दुपारची शेंगा फोडायला बसली की मांडीवर पुस्तक उघडून ठेवायची. “शेंगा फोडू राह्यली का डोळे फोडू राह्यली?” असं बेबाबाई विचारायची. मग एका दुपारी लताला आपलं आपणच हसू आवरेना. बेबाबाईने दटावून विचारलं, काय झालं? लताने न्हाव्याचा प्रसंग वाचून दाखवला. बेबाबाईने चेहरा कडक ठेवला, पण तिचे खांदे हलायला लागले. दुसऱ्या दिवशी शेंगांचं सूप पुढे ओढून तिनेच विचारलं, “मंग त्या न्हाव्याचं पुढे काय झालं?”

तिथून पुढे बेबाबाईला दुपार झाली की चैन पडेना. पुस्तक संपलं की परत पहिल्यापासून. आळीतल्या बायका आपापल्या शेंगा आणि कापूस घेऊन यायला लागल्या. शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचता पोचता उन्हं उतरलेली असायची, ओसरीवर अक्षर दिसेनासं व्हायचं, पण लताचं सगळं पाठच होतं. पुस्तक नुसतं मांडीवर असायचं आणि ती बोलत सुटायची. शेवट तर बेबाबाईचा जीव की प्राण. तुरी त्या अवाढव्य राक्षसाला म्हणते, “बस खाली, तुझं डोकं किती तापलंय!” आणि त्याच्या डोक्याला तेल चोळत बसते. चोळता चोळता राक्षस विचारतो, “माझी आई पण असंच करायची का गं?” आणि ढसाढसा रडतो, आणि रडता रडता त्याला झोप लागते. या जागी बेबाबाई दर वेळी पदर डोळ्यांना लावायची आणि दर वेळी म्हणायची, “कांद्याची शेंग फोडली वाटतं मी.” कांद्याला शेंग नसते हे तिला कोणी सांगत नसे.

तर असा हा सिनेमा. रविवारी दुपारच्या खेळाला जायचं ठरलं. लताचा नवरा पितांबर याने बैलगाडी जुंपली. त्याला गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं, मारामारी असली म्हणजे झालं. जळगावात टॉकीजच्या बाहेर हे भलंथोरलं चित्र लावलं होतं. लताने ते लांबूनच पाहिलं. चित्रातली तुरी दोन वेण्या घातलेली होती खरी, पण वयाने लताच्या मोठ्या नणंदेएवढी दिसत होती.

“तिची आई असंल,” बेबाबाई समजुतीने म्हणाली.

“तुरीला आई नाहीये, आत्याबाई.”

“मंग आत्या असंल.”

बायकांच्या बाकांवर दोघी पुढे जाऊन बसल्या. दिवे गेले. तुरी पडद्यावर आली. ती आई नव्हती, आत्याही नव्हती, तुरीच होती. कमरेवर हात ठेवून तिने नदीकाठी गाणं म्हटलं आणि झाडाआडून एक राजपुत्र बाहेर आला.

“हा कोन?” बेबाबाईने विचारलं.

“मला काय माहीत!” लता म्हणाली. “पुस्तकात तर राजाला मूलच नव्हतं.”

राजपुत्राने गाणं म्हटलं. मग दोघांनी मिळून म्हटलं. मग तुरीच्या मैत्रिणींनी म्हटलं. लता बाकाच्या कडेवर सरकून बसली होती, नखं खात होती, आणि मनाला बजावत होती की अजून टणटण्या यायचाय, टणटण्या आला की सगळं ठीक होईल. तेवढ्यात राजपुत्राने शीळ घातली आणि पडद्यावर टापा वाजल्या. एक घोडा आला. त्याच्या डोक्याला दोन लांब काड्या बांधल्या होत्या आणि त्या दर पावलाला त्याच्या डोळ्यात जात होत्या. सिनेमा सगळा काळा-पांढरा, त्यामुळे एका सेवकाला तीन-तीनदा ओरडून सांगावं लागलं, “अहाहा! काय हा हिरवागार अश्व!”

लता बाकावर उभी राहिली.

“अहो, तो घोडा नाहीये!” ती पडद्याला म्हणाली. “तो नाकतोडा आहे!”

पुरुषांच्या बाजूने आवाज आला, “बाई, आम्हाला तर घोडाच दिसून राह्यला!” आणि हशाचा असा लोंढा उठला की पडद्यावरच्या राजपुत्राचे दोन-चार संवाद वाहून गेले. पलीकडे पितांबरने टोपी पार नाकापर्यंत ओढली.

“बस खाली,” बेबाबाई म्हणाली. लता बसली. आणि बेबाबाई स्वतः उठून पुरुषांच्या बाजूला तोंड करून म्हणाली, “दात काय काढता? पुस्तकात नाकतोडाच हाये! बैलायेवढा! आमी आमच्या कानानं ऐकलं हाये!”

मग कोणाला आवरता येईना. शेजारच्या बाकावर एरंडोलची एक बाई आपल्या तीन मुलींना घेऊन बसली होती, ती वाकून विचारायला लागली, “हे गाणं पुस्तकात आहे का हो?” लता म्हणाली, “नाही.” पुढचं गाणं आलं. मागच्या बाकावरून विचारणा झाली, “हे?” “हेही नाही!” मग ती एक पद्धतच पडली. पडद्यावर काही नवीन आलं की एक बाई विचारायची, “हे आहे का?” आणि सगळे बाक मिळून ओरडायचे, “नाईऽऽ!” तुरीच्या गळ्यात राजपुत्राने हार घातला. नाईऽऽ! राजवाड्यात हत्ती नाचला. नाईऽऽ! राजाला झोप येत नसते हे दाखवायला एक वैद्य आला आणि त्याने राजाची नाडी धरली. “हे आहे!” लता किंचाळली, आणि बायकांनी टाळ्या पिटल्या, जणू वैद्याने राजाला तिथल्या तिथे बरं केलं होतं. थिएटरचा माणूस बॅटरी घेऊन आला, कोण गोंधळ करतंय ते बघायला. त्याने उजेड टाकला तेव्हा सगळ्या बायका पदर सावरून, तोंड मिटून, अगदी कीर्तनाला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

शेवटी जागरासुर हा मुळात शाप मिळालेला गंधर्व निघाला, त्याला उःशाप मिळाला आणि त्याचं तुरीच्या मावशीशी लग्न लागलं. पडद्यावर अक्षता पडल्या. लताने बाजूला बघितलं तर बेबाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आत्याबाई! तुम्ही रडताय?”

“मंगलाष्टकं झाली का मले येतंच,” बेबाबाई नाक ओढत संतापाने म्हणाली. “मावशी कोनाची, गंधर्व कोनाचा, आन रडू मी राह्यली! मेल्याइनं फसोलं मले!”

परतताना बैलगाडीत पितांबर कासरा धरून बसला होता. मग त्याने सहज म्हणून सांगितलं, “खोटं काय बोलू, मले तं आवडला.”

असोदा येईपर्यंत दोघींपैकी एकीनेही त्याच्याशी एक शब्द काढला नाही. आपसात मात्र त्यांचं अखंड चालू होतं. घोड्याच्या काड्यांवरून लताला हसू फुटायचं, ते ओसरलं की राग यायचा, राग बोलून दाखवता दाखवता परत हसू फुटायचं. गाडी दारात आली तरी दोघी उतरायला तयार नव्हत्या, कारण मावशीचं अजून व्हायचं होतं.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. लताला माहेरी न्यायला तिचा थोरला भाऊ सुकदेव मुराळी म्हणून आला. जेवताना त्याने बातमी दिली. धुळ्याला एक हिंदी सिनेमा लागलाय, ‘टिड्डेवाला शहजादा’. दुसऱ्याच कुठल्या कंपनीने काढलाय, पण गोष्ट म्हणे तीच, झोप चोरणाऱ्या राक्षसाची.

“टिड्डा म्हणजे?” लताने विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

“नाकतोडा,” सुकदेव म्हणाला.

लताच्या हातातली पळी वरणात पडली. आणि वाढायला बसलेली बेबाबाई उठून आत गेली. बाहेर आली ती हातात लुगड्याचं गाठोडं घेऊन.

“मी बी येते,” ती म्हणाली.

पितांबरला ठसका लागला. आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, हे साऱ्या खानदेशात चालत आलेलं. पण सुनेच्या माहेरी आखाजीला सासू निघालेली असोद्यात आजवर कोणी पाहिली नव्हती.

“आई, लोक काय म्हनतीन?”

“काय म्हनतीन? म्हनतीन बेबाबाई नाकतोडा पाह्यला गयी. खरंच तं हाये.”

सुकदेवाने मान हलवली आणि आणखी एक भाकरी मागितली.

जळगावहून धुळ्याला जाणारी एस.टी. सणामुळे खचाखच भरली होती. निम्म्या गाडीत माहेरवाशिणी, निम्मीत त्यांचे मुराळी. एरंडोल मागे पडेपर्यंत लता आणि बेबाबाई यांनी मिळून पहिल्या सिनेमाची पुरती चिरफाड केली होती आणि पुढच्या-मागच्या बाकांवरचे लोक त्यात ओढले गेले होते. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा कंडक्टर घंटीची दोरी हातात धरूनच उभा राहिला, कारण लता सांगत असलेल्या गोष्टीत तुरी तिसऱ्या डोंगरावर अडकली होती. ड्रायव्हरने मागे वळून ओरडून विचारलं, काय झालं रे? कंडक्टर म्हणाला, “जरा थांब, नाकतोड्याचा पाय अडकलाय.” ड्रायव्हर घाईघाईने खाली उतरून चाकाखाली बघू लागला. गाडीतल्या सगळ्या माहेरवाशिणी खिडक्यांना चिकटून खिदळत होत्या आणि बिचाऱ्याला कोणी काही सांगत नव्हतं.

धुळ्यात लताच्या आईने दारात लेकीसोबत विहीणबाई बघितल्या आणि तिच्या हातातला तांब्या कलंडला. “व्हय माय! विहीणबाई बी उन्यात! या, बसा, घर तुमनंच शे.” मग आत जाऊन हळूच लेकीला विचारलं, काही भांडणबिंडण झालंय का? लताने कारण सांगितलं. आईने मांड्यांचं पुरण वाढवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा गोतावळा सिनेमाला. लताच्या चुलत बहिणी, वहिनी, आई, बेबाबाई. या वेळी लताने ठरवूनच टाकलं होतं की कशाचीही आशा करायची नाही. तुरीचा पोरगा झाला होता, ठीक. त्याला शहजादा केलं होतं, ठीक. जागरासुराच्या जागी डोळ्यावर पट्टी बांधलेला दरोडेखोर आला, तोही ठीक. लता हाताची घडी घालून शहाण्या बाईसारखी बसली होती. बहिणी म्हणत होत्या, बघा, बघा, ताई किती शांत!

आणि मग दरीच्या काठावर टणटण्या आला.

तो बांबूचा आणि कापडाचा होता, हे सरळ दिसत होतं. आत दोन माणसं होती, हेही दिसत होतं. मागच्या माणसाच्या पायात तर चपला होत्या. पण त्याची मान! त्याने मान अशी वाकडी करून शहजाद्याकडे बघितलं, एक डोळा मोठा, एक बारीक, आणि घोगऱ्या, भ्यालेल्या आवाजात हिंदीतून म्हणाला, “आँखें मूँद ले बेटा, मैं भी मूँद रहा हूँ!”

हा तोच होता. शेंगांच्या सुपापाशी, धुळ्याच्या शाळेच्या पायरीवर, लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रंकेवर बसून तिने ज्याला बघितलं होतं तोच, तस्साच, तीच वाकडी मान. तो मागे सरकला, त्याचे बांबूचे गुडघे कडकड वाजले, आणि त्याने उडी मारली. तारेवर लटकत, एक चप्पल दरीत गळून पडत, तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, आणि लता उभी राहून टाळ्या वाजवत होती, रडत होती, हसत होती, आणि बेबाबाईला गदगदा हलवत होती. “आत्याबाई, बघा! बघा ना! चप्पल पडली, पण बघा!”

“पाहू राह्यली! पाहू राह्यली!” बेबाबाई म्हणत होती. “सोड मले, हात तुटला माहा!”

त्यानंतर लताला त्या सिनेमात काहीही चाललं असतं. पण बेबाबाईची गोष्ट वेगळी होती. ती शेवटाची वाट बघत होती. शेवट आला. शहजाद्याने दरोडेखोराला किल्ल्याच्या बुरुजावर गाठलं, तलवारी खणखणल्या, आणि त्याने तलवार उगारली.

बेबाबाई ताडकन उठली. “अरे मारू राह्यला काय त्याले?” तिचा आवाज शेतात राखणीला बसलेल्या माणसासारखा होता, पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. “त्याच्या डोक्याले तेल लाव! तेल लाव त्याच्या डोक्याले, मेल्या!”

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. शहजाद्याने तेल लावलं नाही. दरोडेखोर बुरुजावरून खाली पडला, आणि थिएटर हसून हसून लोळत असताना बेबाबाई एकटी पडद्याला शिव्या देत उभी होती.

दिवे लागले तेव्हा दोन बाक मागून कोणीतरी हाक मारली. “लता? तू लताच ना?”

पांढरंशुभ्र पातळ, जाड चष्मा. कुंदाबाई होत्या. लता धावत जाऊन त्यांच्या पाया पडली.

“मी पण त्या नाकतोड्यासाठीच आले होते गं,” कुंदाबाई म्हणाल्या. “चपला घालून का होईना, आला. पण मला एक सांग, या अक्का तेलाचं काय म्हणत होत्या?”

“तेच ते, शेवटचं. तुरी जागरासुराच्या डोक्याला तेल लावते ते.”

कुंदाबाईंनी चष्मा काढून पुसला. “असं कुठं आहे?”

“पुस्तकात, बाई!”

“पुस्तकात तर तुरी त्याला रांजणात ढकलते आणि वर झाकण ठेवते.”

लता हसली. बाईंचं वय झालं, विसरल्या असतील, असं तिला वाटलं. बेबाबाईला मात्र ते सहन झालं नाही. “तुम्ही चला घरी,” ती म्हणाली. “पुस्तक संगंच आनलं हाये, हिच्या ट्रंकेत. आता दाखवते.”

घरामागच्या अंगणात निंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या झाडून साऱ्या माहेरवाशिणी तिथे जमल्या होत्या. लताने ट्रंकेतून पुस्तक आणलं, ऐटीत शेवटचं प्रकरण उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तुरी आली. राक्षस डरकाळला. तुरीने त्याला रांजणात काय आहे ते वाकून बघायला सांगितलं. राक्षस वाकला. तुरीने ढकललं. तो आत पडला. तिने झाकण ठेवलं.

लताने पान उलटलं. पुढे कोरं पान होतं. तिने मागचं पान उलटलं. मग पुस्तक उलटं धरून झटकलं, जणू तेलाची वाटी आत कुठेतरी अडकली असेल.

“तेल?” बेबाबाईने विचारलं.

“नाहीये.”

“आन त्याची आई?”

“तीही नाही.”

“तो रडला, ते?”

लताला खरोखर आठवत होतं. पान आठवत होतं, पानावरच्या ओळी आठवत होत्या. आणि मग तिला आठवली ती असोद्याच्या ओसरीवरची पहिली कातरवेळ. अक्षर दिसेनासं झालेलं, धुळ्याहून येऊन महिने लोटलेले, आणि डोकं चोळणाऱ्या आईच्या हाताचा तेलाचा वास इतका दाटून आला होता की राक्षसाला रांजणात ढकलायचं तिच्या जिभेवर आलंच नव्हतं. नकळत दुसरंच काहीतरी आलं होतं. दुसऱ्या खेपेला तेच परत आलं, तिसऱ्या खेपेला तेच. आणि त्यानंतर ते छापलेलंच होऊन गेलं होतं.

तिला हसू यायला लागलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग ती झोक्याच्या दोरीला धरून खाली बसली. “अगं बाई! मी त्या सिनेमावाल्यांना काय काय बोलले! बैलगाडीभर बोलले! एस.टी.भर बोलले! घोड्याचं मला सांगतेय, आणि मी राक्षसाला... मी राक्षसाला...” पुढे तिला बोलता येईना. बहिणी हसायला लागल्या. कुंदाबाई चष्मा काढून हसल्या. लताची आई मात्र हसली नाही. ती लेकीच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने लताच्या डोक्यावर हात ठेवला.

बेबाबाई गंभीर होती. “म्हंजे,” ती सावकाश म्हणाली, “दोन वरसं मले तू तुहीच गोठ सांगू राह्यली व्हती?”

“हो, आत्याबाई. मला माहीतच नव्हतं.”

सासू आता काय म्हणते इकडे सगळ्यांचे डोळे. बेबाबाईने पुस्तक हातात घेतलं, मागून-पुढून न्याहाळलं आणि कुंदाबाईंच्या ओटीत ठेवलं.

“तुमचं हे ठेवा बाई तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “झाकण ठेवलं म्हने! येवढ्या मोठ्या जिवाले आत घालून झाकण ठेवते का कोनी? हे लिहिनाऱ्याले नाई समजत काही. माह्या सुनंले समजते.” मग झोक्यावरच्या पोरींकडे वळून, “सरका!”

“आत्याबाई, काय करताय?”

“आखाजी हाये का नाई? का तुमच्या धुळ्यात सासवाइले झोका बंद हाये?”

नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून बेबाबाई झोक्याच्या फळीवर उभी राहिली. लताच्या आईने दोन्ही हात तोंडावर धरले, मग खाली केले, मग पदर खोचला आणि सरळ जाऊन विहिणीला झोका दिला. निंबाची फांदी करकरली. पन्नाशीच्या बेबाबाईने पहिल्या हेलकाव्याला देवाचं नाव घेतलं, दुसऱ्याला ओरडली, तिसऱ्याला तिच्या डोक्यावरचा पदर उडून गेला आणि ती अशी काही खळखळून हसली की तिचा आवाज ऐकून शेजारच्या घरातल्या बायका कुंपणाशी आल्या.

“लते!” ती वरून ओरडली. “सांग!”

“काय सांगू?”

“पुढे काय झालं ते! झोपला ना तो रडून रडून? मंग सकाळी उठला असंल का नाई? उठून काय केलं त्यानं?”

लताने तोंड उघडलं. पुढे काय, ते तिला ठाऊक नव्हतं. कोणत्याच पानावर नव्हतं, कोणत्याच सिनेमात नव्हतं. निंबाखाली इतक्या बायका-पोरी तिच्याकडे बघत होत्या, कुंदाबाई पुस्तक मिटून, मांडी घालून पुढे सरकून बसल्या होत्या, आणि तिला भीती वाटत होती. त्या भीतीचीही तिला मजा वाटत होती.

“सकाळी जागरासुर उठला,” ती म्हणाली, “आणि त्याला भूक लागली. अशी भूक की त्याने आधी डोंगराचा एक कोपरा चाटून पाहिला.”

“अय्या, मग?” एक पोर म्हणाली.

“तो निघाला अळणी. म्हणून त्याने तुरीला विचारलं, मीठ कुठं मिळेल? तुरी म्हणाली, मीठ जळगावच्या बाजारात. पण तू बाजारात गेलास तर लोक पळतील. तेव्हा टणटण्या म्हणाला...”

“काय म्हनला?” बेबाबाई आकाशातून ओरडली.

“थांबा ना, आत्याबाई!” लता हसत ओरडली. “मलाही अजून ऐकू यायचंय!”